मफलरवाल्यांना पाठवलेला कापूस

जपानी माणूस तोंडाने काय म्हणतो आणि त्याच्या मनात काय असतं, हे अचूक ओळखणारा आमच्या यवतमाळ जिल्ह्यात एकच माणूस झाला, आणि तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. भाऊजी जपानला कधी गेले नव्हते. ते नागपूरच्या पलीकडेच गेले नव्हते, आणि नागपूरलाही गेले ते अक्कलदाढ काढायला. जपानी त्यांना येत नव्हतं, आणि इंग्रजी वाचताना ते प्रत्येक शब्दापाशी थांबून त्याची चौकशी करत. तरीही व्हिडिओ गेम तयार करणारे जपानी लोक नव्या मशीनबद्दल काय मत देतात, कोणता गेम येणार, कोणता रखडणार, कोणता येणार येणार म्हणत येणारच नाही, याचा त्यांचा अंदाज क्वचित चुकला. मी आर्णीला वाचनालयात ग्रंथपाल. नोंदी ठेवायची मला सवय आहे. भाऊजींच्या भाकितांची एक वेगळी वही मी ठेवली होती, म्हणून हे छातीठोकपणे लिहिते आहे.

भाऊजी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे ग्रेडर होते. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं, मुठीत दाबून ओल आहे का ते पाहायचं, आणि एका शब्दात निकाल सांगायचा. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारेही असतातच. पंचवीस वर्षं हेच केल्यामुळे भाऊजींना प्रत्येक गोष्ट चिमटीत धरून ओढून पाहायची खोड लागली होती. पाहुणा घरी येऊन "तुमची फार आठवण येते हो" म्हणाला, की त्याची पाठ वळल्यावर भाऊजी ताईला म्हणत, "ओल आहे याच्या बोलण्यात. काही तरी मागायले आला होता." तो माणूस चार दिवसांनी शिडी मागायला यायचाच.

भाऊजींच्या घरचं गेमचं मशीन त्यांच्या लेकीचं, माझ्या भाचीचं. पुण्याला नोकरी लागल्यावर तिने नवं घेतलं आणि जुनं तीन गेमसकट इथे आणून ठेवलं. "बाबा, टीव्हीला जोडा, वेळ जाईल," एवढं सांगून ती गेली. ताईने मिक्सरला शिवतात तशी झालरीची खोळ त्याला शिवली. भारनियमनाच्या वेळा मी कागदावर उतरवून टीव्हीशेजारी चिकटवल्या. भाऊजींना खेळण्यात मात्र फारशी गोडी नव्हती. उड्या मारताना ते स्वतःही खुर्चीतून उठत आणि गुडघा दुखवून घेत. त्यांना गोडी लागली ती हे सगळं बनवणाऱ्या माणसांची. "कोणी तरी बसून हे ठरवलं असन ना, की इथं खड्डा पाहिजे म्हणून? तो माणूस काय विचार करून राह्यला असन?"

त्या माणसाचा विचार कळावा म्हणून वाचनालयात गेमचं इंग्रजी मासिक हवं होतं. आमचा नियम असा, की पाच सभासदांची लेखी मागणी आली तर नवं मासिक सुरू करता येतं. भाऊजींनी दोन दिवसांत पाच सह्या आणल्या. एक स्वतःची, एक ताईची, एक चहावाल्याची, एक निवृत्त एसटी कंट्रोलरची आणि पाचवी देवरावांची. देवराव म्हणजे भाऊजींचे शाळेपासूनचे मित्र, गावाबाहेर त्यांचं कापसाचं नि तुरीचं शेत. त्यांनी सही करताना फक्त विचारलं, "शेतीचं हाय ना?" भाऊजी म्हणाले, "आहे ना. त्याच्यात एक गेम शेतीचाच आहे." नियमात बसत होतं. मी मासिक सुरू केलं.

पुढे दर महिन्याला, अंक यवतमाळहून एसटीने आला की, भाऊजी रविवारी दुपारी येऊन माझ्या टेबलासमोर बसत. मी मुलाखती वाचून मराठीत सांगायची आणि ते डोळे मिटून, हवेतच चिमटी ओढत ऐकायचे. जपानी नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. फोटोवरून त्यांनी आपली नावं ठेवली होती: टोपीवाले, पांढऱ्या केसांचे, हाताची घडीवाले.

"'नवं मशीन फार रंजक आहे. आम्ही त्याच्याकडे कुतूहलाने पाहतो आहोत,'" मी हाताच्या घडीवाल्यांचं बोलणं वाचलं.

"पसंत नाही त्याले," भाऊजी म्हणाले.

"अहो, रंजक म्हणतोय तो."

"साळीबाई," मेहुणी म्हणून ते मला अशीच हाक मारत, "पोरगी पाहून आल्यावर लोक म्हणते ना, 'घर मोठं चांगलं आहे बाप्पा, माणसं चांगली आहे'? मंग? पोरीबद्दल एक शब्द तरी बोलले का?"

सहा महिन्यांनी हाताच्या घडीवाल्यांनी आपला गेम दुसऱ्याच मशीनवर आणला. मी वहीत बरोबरची खूण केली. एकदा टोपीवाले म्हणाले होते, की पुढच्या कामाबद्दल आत्ता काहीच बोलता येणार नाही. मी म्हटलं, म्हणजे नाहीच काही. "असं कसं? नसतं तं नाही म्हणून मोकळा झाला असता," भाऊजी म्हणाले. "घरात पाहुणे बसले असले म्हणजे माणूस दारातच उभा राहून बोलते. आहे काही तरी आत." आणि होतं.

या नादापायी एकदा जिनिंगवर गोंधळ झाला. डिसेंबरचे दिवस, बाहेर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग. भाऊजी आदल्या दिवशी माझ्याकडून टोपीवाल्यांची मुलाखत ऐकून आलेले. चहावाल्याला ते हळहळून म्हणाले, "गेली रे तारीख पुढं! आता मार्चात पाहू म्हणून राह्यला." हे तिसऱ्या गाडीवाल्याने ऐकलं. दहाव्या गाडीपर्यंत त्याचं 'खरेदी मार्चपर्यंत बंद' झालं आणि रांगेच्या शेपटाकडचे दोन ट्रॅक्टर चक्क वळले. भाऊजी लुना काढून माहूर रस्त्याने त्यांच्या मागे लागले. "अरे थांबा! जपानची तारीख! जपानची!" ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक दाबून विचारलं, "काहून, आपला कापूस आता जपानले जाते काय?"

मासिकातला तो शेतीचा गेम भाचीने पुण्याहून पाठवला, आणि भाऊजींना खेळायचीही गोडी लागली. त्यात एक छोटं गाव, एक शेत. मुळे, टोमॅटो, कोबी लावायचा, पाणी घालायचं, पिकलं की शेताच्या कोपऱ्यातल्या पेटीत टाकायचं. संध्याकाळी एक माणूस येऊन ते घेऊन जातो. भाऊजी तीन रविवार त्या माणसाकडे निरखून पाहत होते.

"हा माल पाहत काहून नाही?"

"पाहायचा नसतो, भाऊजी. पेटीत टाकला की झालं."

"म्हणजे ग्रेडरच नाही?" ते दुखावल्यासारखे झाले. मग म्हणाले, "बरं आहे बाप्पा."

हा गेम बनवणारा माणूस फोटोत गळ्यात मफलर गुंडाळून, जरा अवघडून बसलेला असे. भाऊजींनी त्याचं नाव मफलरवाले ठेवलं, आणि फक्त त्याच्या मुलाखती ऐकताना चिमटी ओढणं बंद केलं.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांत कशासाठी यायचं ते सगळ्यांना माहीत आहे. मी इथे लिहीत नाही. त्यातच एका साली, ऐन दिवाळीत, बोंडं फुटलेली असताना पाऊस आला आणि आठ दिवस हलला नाही. पावसात भिजून काळपट पडलेल्या कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. भाऊजींना तो शब्द दिवसातून पन्नासदा उच्चारावा लागे. देवरावांची पहिली वेचणी पावसाआधी झाली होती. तो कापूस इतका पांढराशुभ्र, की भाऊजींनी त्यातली एक मूठ घरी डब्यात जपून ठेवली होती. दुसरी वेचणी पावसानंतरची. देवराव गाडी घेऊन आले. भाऊजींनी मूठ उपसली, ओढली, परत ओढली, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "कवडी."

देवराव एवढंच म्हणाले, "भावाचं जाऊ दे. तू कवडी म्हनलास. माह्या कापसाले." त्या दिवसापासून त्यांनी बोलणं टाकलं. दोघांची रोजची चहाची टपरी तीच, वेळ तीच, पण देवराव पाठ करून चहा पीत. भाऊजी तीन-चार दिवस तसेच चहा पिऊन आले आणि मग टपरीवर जायचेच बंद झाले. खोटा निकाल त्यांना सांगता येत नव्हता, आणि खरा सांगून घरात कोणाशी बोलवत नव्हतं. ताई मला म्हणाली, "तू काही तरी कर वो. हे मशीनसुद्धा लावून नाही राह्यले."

मी काही करायच्या आत भाऊजीच आले. "साळीबाई, मफलरवाल्याले पत्र लिहा. पुढच्या गेममधी कापूस पाहिजे. एका ठिकाणी तरी कापूस पेटीत जाऊ द्या, कोणी ओढून न पाहता. आणि पहिला देवरावाचा."

मी मुद्दे पाडून इंग्रजी पत्र तयार केलं: पेरणी, तण काढायची डवरणी, फूल पहिल्या दिवशी फिकट आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं ते, बोंड, वेचणी. भाऊजींनी शेवटी घालायला लावलं, "वेचताना बोंडाचं टोक बोटाले टोचते, तेही दाखवा म्हणा." गेमच्या डब्यामागचा पत्ता घेतला आणि भाऊजींनी घरी जपून ठेवलेला देवरावांचा कापूस सरकीसकट पाकिटात भरला. पोस्टातल्या बाबूने पाकीट दाबून विचारलं, "आत काय हाय?"

"कापूस."

"जपानले? काहून, तिकडं गाद्या नाहीत काय?"

पाच महिने काही आलं नाही. भाऊजी रोज विचारत नसत, पण टपालवाल्याच्या वेळेला काही तरी निमित्त काढून वाचनालयात येत. जूनमध्ये पत्र आलं. एकच पान, इंग्रजीत. मी आधी मनात वाचलं. पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं, की तुमचा कापूस आमच्या टेबलावर हातोहात फिरला. आम्ही अकरा जण आहोत, त्यातल्या एकानेही झाडावरून आलेला, बी असलेला कापूस कधी हातात घेतला नव्हता. आमच्या एका सहकारी बाईंनी तो गालाला लावला. आता तो आमच्या कामाच्या खोलीत फळीवर ठेवला आहे. दुसऱ्या परिच्छेदात होतं, 'आपल्या सूचनेचा आम्ही भविष्यात सकारात्मक विचार करू.' हे वाक्य आम्ही दोघांनी निदान वीस मुलाखतींत वाचलं होतं. त्याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे मला भाऊजींनीच शिकवलं होतं.

मी दोन्ही परिच्छेद जसेच्या तसे सांगितले. दुसरा भाऊजींनी हातानेच बाजूला सारला. "पहिलं परत वाचा," म्हणाले. मी वाचलं. "गालाले लावला?"

"लावला म्हणतात."

"चला."

"पाचपर्यंत माझी ड्यूटी आहे, भाऊजी."

"मंग पाचले."

पाच वाजून पाच मिनिटांनी आम्ही टपरीवर होतो. देवराव पाठ करून बसलेले. भाऊजी त्या पाठीला म्हणाले, "देवा, तुह्या कापसाचं पत्र आलं."

"कोनाचं?" पाठ म्हणाली.

"जपानचं."

मी पहिला परिच्छेद वाचला, मराठीत, सावकाश, आणि पत्राची घडी घातली. दुसऱ्याबद्दल कोणी विचारलं नाही. देवराव हळूहळू वळले.

"ग्रेड काय देली मंग त्यायनं?"

"ग्रेड नाही देली," भाऊजी म्हणाले. "ठेवून घेतला."

 देवराव भाऊजींना सोडून मला म्हणाले, "पहिल्या वेचनीचा होता ना तो, बाई. म्हनून." आणि चहावाल्याला म्हणाले, "तीन कर रे. याच्यात साखर कमी टाक, याले चालत नाही."

मफलरवाल्यांचा पुढचा गेम दोन वर्षांनी आला. भाचीने पाठवला. रविवारी दुपारी भाऊजी मशीनसमोर आणि देवराव शेजारच्या खुर्चीवर, असे दोघे बसले. भाऊजींनी एकेक पीक तपासलं. मका होता, वांगी होती, रताळी होती, आणि या वेळी मेंढ्याही होत्या. त्यांची लोकर कातरून पेटीत टाकता येत होती. भाऊजी यादीच्या शेवटापर्यंत गेले, परत वर आले, परत खाली गेले.

"कापूस आला काय?" देवरावांनी विचारलं.

"लोकरीपर्यंत आले आहे," भाऊजी म्हणाले. "आता काही दूर नाही."