दिवसातून पाच वेळा

माझ्या उजव्या डोळ्यासाठी आईने याहामोगी मातेला नवस बोलला, तेव्हा मी तिच्यावर चिडले. बापाच्या पेटीतली जमीनहक्काची पत्रके वाचत मी वाढले; आता स्वतः लिहिते. ‘भगताकडे नको, दवाखान्यात जा,’ हे पत्रक मी पाड्यापाड्यावर वाटले आहे. आणि माझा डोळा खुपू लागला, उजेड सोसेना, तेव्हा मी काय केले? डोळे येण्याच्या साथीत मैत्रिणीला ज्यांनी गुण आला, ते तिच्याकडे उरलेले थेंब घालत राहिले. नजर धूसर झाली.

आईच्या हट्टापायी तिच्याबरोबर मातेच्या ठाण्याला, देवमोगऱ्याला निघाले. तळोद्याला जीप भरेपर्यंत आम्ही चष्मे विकणाऱ्या एका चाचांच्या दुकानापुढच्या बाकावर टेकलो. मी थेंबांची बाटली काढताच त्यांनी हात धरला.

“डॉक्टरले डोया दखाडा का, बेटी?”

माझ्या पिशवीतल्या पत्रकांवरचे माझे नाव वाचत ते म्हणाले, “इतलं लिखस तू, अन् बाटलीवरलं वाचस नहीं? फेक ती. मन्ही बायकोना एक डोया असाच गया.”

बाजाराचा दिवस असूनही त्यांनी दुकान बंद केले आणि आम्हाला नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले.

बुबुळावर नागीण रोगाच्या जातीच्या विषाणूची जखम होती. माझ्या थेंबांत स्टिरॉइड होते. त्याने विषाणूला मोकळे रान मिळाले होते. बाईंनी दोन औषधे पुढे ठेवली. अ‍ॅसायक्लोव्हिरचे मलम: चिकट, घातल्यावर काही वेळ धूसर दिसते, पण तळोद्यात मिळते. गॅनसायक्लोव्हिरचे जेल: डोळ्याला हलके, पण संपले की पुन्हा नंदुरबार गाठा. विषाणूवरचे जुन्या पद्धतीचे थेंब त्यांनी बाजूलाच सारले. ते बुबुळालाही दुखवतात. “गुण दोन्हींचा जवळपास सारखाच,” त्या म्हणाल्या. “चुकवलंस तर दोन्ही फुकट.”

मी मलम घेतले. दिवसातून पाच वेळा. आईने नवसाला नेम जोडला: माझ्या डोळ्यात मलम पडल्याशिवाय घास घ्यायचा नाही. एकदा पत्रकाच्या नादात माझी दुपार चुकली. आई संध्याकाळपर्यंत उपाशी बसलेली दिसली. त्यानंतर एकही वेळ चुकली नाही.

जीप तेव्हाच भरली असती तर? आई हटून बसली नसती तर? मला ठाऊक नाही आणि मी आईशी वाद घालत नाही. एवढे कळले, की दुसऱ्यांना शिकवणाऱ्याने कधी आपला हात धरणाऱ्याचेही ऐकावे. माझ्या नव्या पत्रकाची पहिली ओळ माझ्याच चुकीची आहे.

पुढे नवस फेडायला नव्या धान्याची टोपली डोक्यावर घेऊन मी देवमोगऱ्याला गेले. मातेपुढे टोपली ठेवली, डावा डोळा झाकला. उजव्याने दाणा न् दाणा दिसत होता.