ताईला पाठवलेला तंतूंचा फोटो

पन्नाशी उलटली तरी ती धाकटीच राहिली होती. तशी हाक मारणारं मात्र आता एकच माणूस उरलं होतं, तिची ताई. आई गेल्यावर ताईनंच तिला वाढवलं. चार वर्षांपूर्वी ताई 'दोन महिन्यांत येते' म्हणून मुलाकडे दूरच्या शहरात गेली, ती तिकडचीच झाली.

धाकटी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. उंदराच्या शेपटीतल्या पांढऱ्या चिवट दोऱ्या काढायच्या, सौम्य आम्लात विरघळवायच्या आणि त्या द्रवातून कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू पुन्हा जुळवून आणायचे, हे तिचं काम. भाजलेल्या जखमांवरच्या पट्टीसाठी ते हवे होते.

त्या महिन्यात तंतू फारच बारीक येत होते. चिमट्यानं उचललं की थर फाटायचा. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम वैतागल्या.

"सदतीस अंशांवर अर्ध्या तासात जमतंय ना? मग बिघडतंय कुठे?"

"तंतू जुळायची घाई होतेय, मॅडम. जरा थंड ठेवून बघू का?"

"बघा. पण आठवडा घालवू नका."

सकाळी तिनं बर्फातली बाटली काढली, द्रवाचा आम्लपणा उतरवला आणि तो बशीत ओतून पंचवीस अंशांवर ठेवला. तासभर ढिम्म काही नाही, पाण्यासारखं नितळ. हलवून बघायला हात शिवशिवत होते, पण जुळू पाहणारे तंतू हलवले की विस्कटतात. ती स्टुलावर बसून राहिली. ताई असती तर म्हणाली असती, 'तू आणि एका जागी? ताप-बिप नाही ना?' तिला हसू आलं.

दुपार कलली तेव्हा बशीतला द्रव धुरकट झाला, मग दुधाळ. सूक्ष्मदर्शकाखाली जाडजूड तंतू दिसले. थर चिमट्यानं अख्खा उचलला गेला. तिनं फोटो काढून ताईला पाठवला.

लगेच फोन वाजला. "अगं, हा कुणाच्या डोक्यातला गुंता?"

"माझं काम आहे ते! सकाळी नुसतं पाणी होतं."

"काय सांगतेस! जेवलीस का?"

"जेवेन. ताई, कधी येतेस गं?"

"गुडघे कुठे येऊ देतात? आणि खरं सांगू, नातीला माझ्याशिवाय झोप लागत नाही."

एके काळी धाकटीलाही लागत नसे. "मग मीच येते," ती एवढंच म्हणाली.

मॅडमनी पाच दिवसांची रजा दिली. ते दिवस भुर्रकन उडाले. निघताना ताई फाटकापर्यंत आली, धाकटीची पिशवी स्वतःच्या हातात घेऊन. गाडी येऊन थांबली तरी पिशवी सोडेना.

"दे आता," धाकटी म्हणाली.

"आधी सांग, परत कधी येतेस गं?" ताईनं विचारलं.