डांबरातला निळा पट्टा

ठाकरवाडीचा बहिरू लोणावळ्याला सडकेच्या कामावर डांबर उकळायचा. मी तिथला मुकादम. कामाला वाघ माणूस, पण औषधपाण्याच्या बाबतीत महाहट्टी. वाडीत बैलाच्या खांद्याला जखम झाली की माशा बसू नयेत म्हणून डांबर चोपडतात. बहिरूच्या मनगटावर चट्टा उठला, पावसाळा सरला तरी तो बरा होईना, तेव्हा यानंही तेच सुरू केलं. बायको बाया रोज आपल्या बोटांनी लावून द्यायची. दवाखान्यात जा म्हणून मी घसा कोरडा केला.

"बैलाचं बरं व्हतं, मग माजं का न्हाई?" तो म्हणायचा. कपाळ माझं!

लढाईचे दिवस होते. लष्कराच्या गाड्यांनी सडक उखडायला लागली, म्हणून डांबर तपासायला कारखानीससाहेब आले. काळे पडदे लावलेल्या खोलीत त्यांनी काचेची नळी पांढऱ्या भुकटीनं भरली आणि वरून पातळ केलेलं डांबर ओतलं. ते झिरपता झिरपता त्यातले घटक वेगळे झाले. पिवळा पट्टा, तपकिरी पट्टा. मग साहेबांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा आपला खास दिवा लावला आणि मधलाच एक पट्टा निळा चमकू लागला. मला तो रंग मुळीच आवडला नाही.

"दिसायला देखणा आहे," साहेब म्हणाले, "पण विलायतेत यातलाच अर्क उंदरांच्या कातडीला चोळला, तर जीवघेण्या गाठी आल्या."

मी बहिरूला हाक मारली. तो नुकताच साबणानं हात धुऊन जेवायला बसत होता. भाकरी घेऊन आलेली बायाही धाकट्या लेकीला, चिंगीला, कडेवर घेऊन मागोमाग आत आली.

दिव्याखाली बहिरूचं धुतलेलं मनगट निळं चमकलं. साहेबांनी चट्ट्याची कडा दाबून पाहिली. ती दगडासारखी घट्ट होती.

"उद्याच पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जा."

"हात ऱ्हाईल न्हवं, सायब?"

डांबर कोण लावतं, एवढंच साहेबांनी विचारलं. बायानं भीत भीत हात पुढं केला. बोटं निळी चमकली. उजेड बघून चिंगी हसली, वाकली, आणि तिच्या गालावर आईच्या बोटांचे निळे ठसे दिसले.

बाया पदरानं तो गाल खसाखसा पुसू लागली. चिंगी घाबरून बापाकडं झेपावली.

बहिरूनं दोन्ही हात पाठीमागं नेले.