एकच टिचकी

आमची कंपनी तेव्हा उत्तर सीमेवरच्या एका पोस्टवर होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बटालियनच्या सिग्नल प्लाटूनमध्ये नाईक, काम रेडिओ ऑपरेटरचं. सकाळी बॅटरी तपासायची, एरियल बघायचं, वायरलेसच्या नेटवर हजेरी द्यायची. "रिपोर्ट माय सिग्नल, ओव्हर." "ओके, ओव्हर." सिव्हिलियन माणसांना वाटतं, आम्ही वायरलेसवर फार थरारक बोलत असू. छे! निम्मा वेळ रॉकेल आणि बटाट्यांच्या गोष्टी, त्याही कोडमध्ये.

नियम मात्र कडक. हवेवर नाव घ्यायचं नाही, गाव घ्यायचं नाही. फक्त कॉलसाइन, म्हणजे ठरवून दिलेलं सांकेतिक नाव. हा नियम माझ्या इतका अंगात भिनला होता की सुट्टीत फोनवरसुद्धा बायकोचं नाव घेताना अडखळायचो.

माझा जोडीदार लान्स नाईक भास्कर गावित, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. मी नाशिकचा, त्यामुळे पोस्टवर आम्ही गाववाले. मला सेट फक्त वापरता यायचा. गावितला तो उघडून आत बघायची खाज.

"भाऊ, पेन्शनीत गेलो की हौशी रेडिओचं किट मागवू," तो म्हणायचा. "सुटे भाग येतात, आपनच जोडायचे. तू नाशकातून बोल, मी आमच्या डोंगरावरून. लय मजा येईल."

"आणि लायसन्सची परीक्षा कोण देणार, तुझे आजोबा?"

"तू देशील. तुझं इंग्रजी बरं हाय."

एके दिवशी भर दुपारी धुक्यात पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघालं. गावितच्या पाठीवर सेट, पोस्टवर ऐकायला मी. हुकूम रेडिओ सायलेन्सचा. तोंडाने बोलायचं नाही. वापरायचा तो फक्त प्रेसल, म्हणजे बोलताना दाबायचं बटण. ते नुसतं दाबून सोडलं की समोरच्या सेटवर 'टक्' होतं. आमचं ठरलेलं होतं: दोन टिचक्या म्हणजे सगळं ठीक, तीन म्हणजे गडबड.

एकच आली.

मी हेडसेट कानावर दाबून बसलो. पुढची येईना. कंपनी कमांडर साहेब शेजारी उभे होते.

"काय?"

"सर, एक क्लिक."

"एक म्हणजे?"

"माहीत नाही, सर."

थोड्या वेळाने खालून फायरिंग ऐकू आलं. पेट्रोलमधले बाकीचे परतले. गावितला उचलून आणावं लागलं. तो सगळ्यात मागे होता, त्यामुळे त्याने बटण कधी दाबलं, कशासाठी दाबलं, कुणालाच सांगता येईना. सेट तर सकाळी मीच तपासला होता, ठणठणीत होता.

सुट्टीवर आलो तेव्हा त्याच्या पाड्यावर गेलो. त्याच्या आईने एवढंच विचारलं, "शेवटचं काय बोलला?"

"आई, बोलायची मनाई होती."

 ती आत जाऊन चहा घेऊन आली. तो पिऊन मी निघालो.

पुढे पेन्शनीत आलो. नाशकात सिडकोत घर, अंबडला एका कारखान्याच्या गेटवर ड्युटी. दोन हजार साल उलटल्यावर मी खरोखरच लायसन्सची परीक्षा दिली, पास झालो आणि पोस्टाने किट मागवलं. मला जगभर गप्पा मारायच्या नव्हत्या. बटण दाबल्यावर सेटच्या पोटात नेमकं काय होतं आणि तिथे एखादी टिचकी हरवू शकते का, एवढंच बघायचं होतं. गावितच्या म्हातारीला उत्तर द्यायचं होतं.

खोका उघडला आणि माझीच विकेट पडली. एक हिरवी पाटी, पुड्यांमध्ये बारीक बारीक भाग, प्रत्येकावर रंगीत पट्टे. लाल कुठला, तपकिरी कुठला, चष्मा लावूनही समजेना. जोडणीचा नकाशा उलटा धरला तरी तेवढाच कळायचा.

"अहो, ही रांगोळी आहे का मशीन?" बायको म्हणाली. मंदा तिचं नाव. बघा, आता घेता येतं.

"सर्किट आहे."

"तुम्हाला समजतंय ना?"

"नाही."

दोनदा बोटं भाजली. एक भाग उलटा बसवला, तो धूर सोडून गेला. गच्चीवर एरियलची तार बांधताना बघून शेजारच्यांना वाटलं, मी चोरून केबल ओढतोय. गावित असता तर माझ्या हातातून सोल्डरिंग आयर्न हिसकावून घेतलं असतं. त्याची फार आठवण यायची, आणि रागही यायचा. बेट्याने स्वप्न स्वतःचं बघितलं आणि हमाली माझ्या गळ्यात मारली.

एका रविवारी सेट लागला. मंदाला ट्रान्झिस्टर देऊन स्वयंपाकघरात बसवलं, शॉर्टवेव्हवर काटा जुळवला. मी गॅलरीतून प्रेसल दाबला. दोनदा.

"एकदाच वाजलं!" ती आतून ओरडली.

 पुन्हा दाबला. पुन्हा एकच. शोधता शोधता बटणाच्या तारेचा सांधा सापडला. कथील तारेवर नुसतं बसलं होतं, तारेला धरलं नव्हतं. सांधा पक्का केला, दोन्ही वाजल्या.

पण आता डोकं जास्तच फिरलं. गावितने दोन दाबल्या आणि सेटने एक गिळली? की तीन दाबणार होता आणि एकीवरच राहिला? सेट बनवून शहाणा होईन असं वाटलं होतं. होतो त्याहून गोंधळलो.

शेवटी सेट आणि स्कूटरची बॅटरी पिशवीत घालून एसटीने पेठ गाठलं. तिथून पाड्यावर. आई थकली होती, पण मला ओळखलं. अंगणातल्या आंब्यावर एरियलची तार टाकली आणि तिला सगळं सांगून टाकलं: दोन म्हणजे काय, तीन म्हणजे काय, आणि एक.

"एकाचा अर्थ मला अजून लागत नाही, आई."

"त्या यंत्रावर तिकडं कोन ऐकत होतं?"

"मी."

"दुसरं कोनी?"

"नाही. मी एकटाच."

"मंग तुला हाक मारली त्यानं," ती म्हणाली. "त्यात काय कळायचं हाय?"

मला रडू आवरेना. लपवण्यासाठी मी सेटवर वाकलो आणि कॉल दिला. विंचूरकडचा एक माणूस उत्तराला आला, मोठा मोकळा आवाज.

"या, या! नाव काय आपलं? बोलताय कुठून? ओव्हर."

सवयीने तोंडून गेलं, "नाव हवेवर देता येत नाही. ओव्हर."

तो हसायलाच लागला. "अहो, इथं नावच तर सांगायचं असतं!"

"काय म्हनतो?" आईने विचारलं.

"नाव विचारतोय."

"मंग सांग की. त्याचं सांग."

मी प्रेसल दाबला. "पेठ तालुक्यातून. लान्स नाईक भास्कर गावित. ओव्हर."

"गावितभाऊ, नमस्कार! तुमचा आवाज अगदी स्वच्छ येतोय. बोला, ऐकतोय मी. ओव्हर."

त्याची चूक दुरुस्त करायला मी बटणावर बोट ठेवलं, पण दाबवेना. आई सेटकडे टक लावून बघत होती. तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्या दंडाला हात लावला.

"बोल की," ती म्हणाली. "तो थांबलाय."