आमच्या घराकडे न आलेली गाडी

बफेलोच्या भुयारी रेल्वेचा नकाशा पाठ करायला मला अर्धं मिनिट लागलं. एक उभी रेघ, तिच्यावर थोडे ठिपके, संपलं. फाटे नाहीत, गाडी बदलायची भानगड नाही. चुकलात तरी फार तर उलट्या दिशेला जाल, आणि तिथेही लवकरच रेघ संपेल.

ती भुयारी कुठे आहे तेही ऐका. इतर शहरांत गाडी भर वस्तीत जमिनीखाली जाते आणि बाहेर मोकळं मिळालं की वर येते. आमच्याकडे सगळंच उफराटं. ऑफिसं आणि दुकानं आहेत तिथे ती रस्त्यावरून घंटा वाजवत जाते, आणि शांत घरांचा भाग लागला की खडकात शिरते. म्हणजे सरोवरावरचा वारा जिथे हाडं फोडतो, नेमके तिथेच लोक बर्फात उभे. त्या उघड्या भागात तिकीट लागत नाही, एवढीच काय ती दया. खालची स्टेशनं मात्र इतकी खोल, की सरकत्या जिन्यावर दोन बायकांचं सुनांबद्दल बोलून होतं.

हे ज्ञान माझं नव्हे, आमच्या ह्यांचं. हे पुलांचे इंजिनियर, ऑफिस शहरात. रोज शेवटच्या स्टेशनावर कार पार्क करायची आणि पुढे ट्रेन. मी पॅथॉलॉजिस्ट, ड्राइव्ह करत जायचे. ट्रेन ही ज्यांच्याकडे कार नाही अशांसाठी असते, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी यांना वेळोवेळी ऐकवत असे.

खरं तर ही गाडी आमच्या उपनगरापर्यंत यायची होती. विद्यापीठापाशी अडली ती अडलीच. कुणी म्हणतं पैसे संपले, कुणी म्हणतं इच्छा. त्यानंतर दर थोड्या वर्षांनी तिचा अभ्यास होतो. शाळेच्या हॉलमध्ये नकाशे लावतात, लोक कुकीज खातात, नकाशावर रंगीत टिकल्या चिकटवतात आणि आपापल्या कारमध्ये बसून घरी जातात.

एकदा मात्र ती खरंच येणार असं वाटायला लागलं आणि आमचं मराठी मंडळ धास्तावलं. ज्यांचं अख्खं कॉलेज एसटीच्या पासावर झालं, ती माणसं म्हणायला लागली, अहो, गाडी आली की कोणकोण येईल! कोण, ते कुणी बोलत नव्हतं. मग घरांच्या किमती निघाल्या, शाळा निघाल्या. निषेधाचं पत्र लिहायचं ठरलं आणि इंग्रजी बरं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. खोटं कशाला बोलू, हौसेनं लिहिलं. 'आपल्या वस्तीचं स्वरूप' हे शब्द तीनदा घातले. त्याच वस्तीत माझ्या फोडणीचा वास आला की शेजारीण पहिली चार वर्षं खिडकी लावून घ्यायची, हे त्या वेळी कुठे आठवायला!

सह्या दिवाळीच्या कार्यक्रमात घेतल्या. माझीच युक्ती. पत्राचं टेबल जेवणाच्या रांगेत, ताटांच्या अलीकडे. सही करा, मग ताट उचला. समोर श्रीखंड-पुरी दिसत असताना कोण वाचतंय? एका काकांनी तर दोनदा सही केली, कारण ते दुसऱ्यांदा वाढून घ्यायला आले होते. आमचे हे रांगेत आले, चष्मा लावला आणि पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मागे चुळबुळ सुरू झाली. यांनी पेन खाली ठेवलं आणि ताट उचललं. घरी येताना कारमध्ये एवढंच म्हणाले की, इंग्रजी छान आहे तुझं. दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही.

गाडी आली नाही. आमच्या पत्रामुळे अडली असं नाही, अशी पत्रं पुष्कळ गेली होती. पण मंडळानं मला शाल-श्रीफळ दिलं आणि मी ते बिनदिक्कत घेतलं.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझं ड्राइव्हिंग बंद केलं. माझ्या नजरेच्या मधोमध आता एक धुरकट डाग असतो. त्यानंतर दोनच महिन्यांत यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि मागची वर्षं एकमेकांत मिसळली. यांना ठेवलंय ते नर्सिंग होम शहरात, स्टेशनापासून चार पावलांवर. मी रोज गेले तर हे मला ओळखतात. मुलगा टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून फोन करतो. तो म्हणतो रोज टॅक्सी कर, नाहीतर इकडे या दोघंही. टॅक्सी मागवायला फोनवरची अक्षरं मला दिसत नाहीत हे त्याला सांगायची लाज वाटते, आणि यांना हलवायला डॉक्टर तयार नाहीत. तेव्हा बस. तासाला एक. थांब्यापर्यंत फुटपाथ नाही, कारण आमच्याकडे चालतं कोण? बर्फातून रस्त्याच्या कडेनं चालायचं, कारवाले हॉर्न देतात. मग बस, मग शेवटचं स्टेशन, मग ट्रेन. पूर्वी वीस मिनिटांत जायचे, आता दोन तास.

जानेवारीत वादळ आलं आणि दोन दिवस बस कॅन्सल झाल्या. तिसऱ्या दिवशी गेले तर हे मला मॅडम म्हणाले. आलात, फार बरं वाटलं म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्यानंतर एकही दिवस चुकवला नाही. आठवड्याभरानं यांची नजर पुन्हा ओळखीची झाली. मी बूट काढत होते तेव्हा यांनी विचारलं, "कशी आलीस?"

"ट्रेननं."

यांचा चेहरा उजळला. आपल्याकडे आली का शेवटी, म्हणाले. मी सांगतच होतो म्हणाले. मग थांबून, आठवत आठवत, "ते विरोधाचं पत्र लिहिणारी बाई होती ना एक, मंडळातली? बरं झालं, तिचं कुणी ऐकलं नाही."

हो म्हणून सुटता आलं असतं. नर्ससुद्धा सांगतात, त्यांच्या म्हणण्याला हो म्हणत जा. पण या माणसानं श्रीखंडासाठीसुद्धा खोटी सही केली नव्हती.

"ती मीच, अहो. आणि गाडी आलेली नाही. मी बसनं येते, मग ट्रेन."

हे रागावतील असं वाटलं. रागवायला हवंच होतं. मग यांनी डाव्या हातानं माझा गार पडलेला हात धरला, खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं,

"मग उद्या कशी येशील?"