मामाचा कॅमेरा

अबेनाच्या हातातलं मुसळ वर गेलं ते तिथंच थांबलं. उखळात कसावा निम्मा कुटून झाला होता, कच्ची केळी उकडून ताटात तशीच पडली होती, आणि मी पाटावर बसून घावागणिक ओल्या हातानं गोळा उलटत होते. दोन घरांचं फुफू आम्ही एकाच उखळात कुटतो. मधे थांबलं की गुठळ्या धरतात. पण अंगणाच्या दारातून तिचा नवरा आत येत होता. शनिवारी भर दुपारी क्वाजो घरी आलेला मी कधी पाहिला नव्हता. आमच्या कुमासी शहरात शनिवार म्हणजे मयताच्या कार्यांचा दिवस, आणि क्वाजोचं पोट त्याच कार्यांवर.

"आज कुणी मेलं नाही वाटतं?" अबेना म्हणाली.

"मेलंय ना. चांगलं मोठं माणूस मेलंय. चार मांडव, दोन बँड." त्यानं गळ्यातला कॅमेरा काढून स्टुलावर ठेवला. "मला हाकललं."

"दारू प्यायलास?"

"देवाशप्पथ नाही. माइकवरचा माणूस सगळ्यांदेखत म्हणाला, ए, ते खेळणं घेऊन जरा रस्त्यावर उभा राहा, फोटोवाल्या साहेबांच्या फोटोत येतोयस. लोक हसले. मयताची बायकोसुद्धा हसली."

अबेना हसली नाही. मुसळ भिंतीला टेकवून ती त्या कॅमेऱ्याकडं बघत राहिली. फुफू त्या दिवशी गुठळ्यांचंच खाल्लं आम्ही.

क्वाजो न्कान्सा आमच्या क्वादासो वस्तीतल्या सामायिक अंगणात माझ्या समोरच्या खोलीत राहतो. उंच, किडकिडीत, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणारा. भजनात त्याचा आवाज येत नाही, पण ओठ हलत असतात. आधी तो शिंप्याच्या हाताखाली होता, तिथं जमलं नाही. मग त्याच्या मामानं, मामपोंगच्या आताकोरांनी, इटलीहून सुटीवर आलेल्या एकाकडून त्याला कॅमेरा घेऊन दिला. शिकाऊ माणसाला देतात तसला, एकाच लेन्सचा, हलका. क्वाजोनं त्या काळी मामासाठी जिनची बाटली घेतली होती. कुणी काही दिलं की बाटली घेऊन, दोन माणसं साक्षीला नेऊन आभार मानायचे, ही आमच्याकडची रीत. क्वाजो एकटाच गेला, तर मामा दारातच म्हणाले, "बाटली कसली आणतोस रे? आपण चर्चची माणसं. ती परत कर आणि माझा एक फोटो काढ. तेच तुझे आभार." त्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो मामांचा. खुर्चीत बसलेले, खांद्यावरून केंटे वस्त्र, हसतायत. क्वाजोनं तो मोठा करून त्यांना नेऊन दिला. मामा खूश, भाचा खूश.

तेव्हापासून क्वाजो रस्त्यावरचा फोटोवाला. कार्याला बोलावणं नसतंच. पाहुणे काळ्या-लाल कपड्यांत उतरायला लागले की समोर जाऊन टिपायचं, मोटारसायकलवरून तेते प्रिंटवाल्याकडं पळायचं, आणि मांडवाच्या तोंडाशी प्लास्टिक अंथरून त्यावर सगळे चेहरे मांडून बसायचं. लोक वाकून स्वतःला शोधतात. कुणी घेतं, कुणी म्हणतं, मी एवढी जाडी नाही. संध्याकाळी जे चेहरे प्लास्टिकवर उरतात ते क्वाजो घरी आणतो. त्याच्या दोन पोरी त्यांच्याशी घर-घर खेळतात. त्या पोरींच्या खेळात आख्खं कुमासी आहे.

आणि आत, घरच्यांच्या खुर्च्यांजवळ, शवपेटीजवळ, फिरतो तो बोलावलेला फोटोवाला. त्याला जेवण मिळतं, पाण्याची बाटली मिळते, माइकवरून नाव घेतात. त्याच्या गळ्यात मोठा कॅमेरा असतो.

त्या शनिवारनंतर क्वाजोला दुसरं काही सुचेना. संध्याकाळी अंगणात बसून तो जुन्या कॅमेऱ्याची लेन्स फुंकायचा, पुसायचा, परत फुंकायचा. चर्चमधल्या लग्नात उजेड कमी पडला की तो कॅमेरा अडखळतो, पुढंमागं करत बसतो, तोवर नवरीनं डोळे मिटलेले असतात, हे खरं होतं. लाल मांडवाखाली सगळ्यांचे चेहरे टोमॅटोसारखे येतात, हेही खरं. तेतेला विचारलं तर तो आपल्या मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "कॅमेरा कशाला बदलतोस? चांगल्यातली एक लेन्स घे. अंधारातलं टिपेल. कॅमेऱ्याला काय धाड भरलीय?"

"लेन्स लोकांना दिसत नाही," क्वाजो म्हणाला.

"लोकांना दाखवायचंय की फोटो काढायचेत?"

"आधी मला आत तर येऊ देत. मग काढीन."

तेतेनं पुढचा प्रिंट कापायला घेतला. क्वाजोचं खोटं नव्हतं. आमच्या चर्चच्या हॉलमध्येही पुढची रांग कपड्याच्या किमतीवरूनच भरते.

अबेना बाजारात धुरी दिलेले मासे विकते. फ्रीझर घ्यायचा म्हणून तिनं बरेच दिवस गाठीला बांधलं होतं. ते तिनंच काढून दिलं. पण द्यायच्या आधी मला बोलावून घेतलं, साक्षीला म्हणून.

"ताईंदेखत सांगते," ती नवऱ्याला म्हणाली. "फ्रीझर थांबेल. पण हा नवा कॅमेरा आपला पाहिजे, माझ्या पोरींचा. जुना मामाच्या पैशाचा आहे. तो आधी मामपोंगला जाऊन परत दे. बरोबर बाटली ने, चार माणसं बसव, म्हण की मामा, तुमचं तुम्हाला पोचलं. मग दुकानात जा."

ती घाबरत होती ते उगाच नव्हतं. आमच्यात मूल आईच्या कुळाचं. क्वाजोच्या पोरी अबेनाच्या कुळाच्या. क्वाजो मामाच्या कुळाचा. मामाचं जे आहे ते भाच्यांकडं जातं, आणि ज्या वस्तूत कुळाचा हात लागला ती कुळाची धरतात. बापानं पोरींसाठी काही करायचं तर ते कुळाचा शिंतोडा न उडू देता करावं लागतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"परत दिला तर मामाला वाटेल, मोठा झाला आणि माझी वस्तू तोंडावर फेकली," क्वाजो म्हणाला.

"वाटू दे."

"तुझा मामा नाही ना तो."

"माझा असता तर मी कालच दिला असता."

क्वाजो आदुमच्या बाजारात गेला. संध्याकाळी आला तो खोकं घेऊन. कॅमेरा खरंच मोठा होता. त्याच्या खाली बॅटरीचा एक ठोकळा लावलेला, त्यानं आणखी मोठा दिसे. पोरी टाळ्या पिटायला लागल्या. अबेनानं खोक्याकडं पाहिलंच नाही.

"जुना कुठाय?"

"अगं, दुकानदार म्हणाला, जुना द्या, त्याच्या बदल्यात हा ठोकळा घ्या. नुसता कॅमेरा घेतला असता तर…"

"जुना कुठाय, क्वाजो?"

"दिला."

ती उठून खोलीत गेली. पडद्याआडून एवढंच ऐकू आलं, "वेडा आहे. देवा, मी वेड्याशी लग्न केलं."

खरं सांगायचं तर पुढचे काही महिने चांगले गेले. माइकवाले त्याला साहेब म्हणायला लागले. बोलावणी आली. जेवणाचं ताट आलं. फोटो मला तरी तसेच दिसत, अंधारातले जरा बरे एवढंच. पण लोक वाट द्यायचे. क्वाजोच्या चालण्यात फरक पडला, आणि रविवारी तो शेवटच्या बाकावरून दोन बाकं पुढं सरकला. अबेनाही बोलायला लागली होती. एकदा बाजारात कुणाला तरी म्हणालेली मी ऐकली, "आमचा कॅमेरा."

मग मामपोंगचे आताकोरा वारले.

कार्य मोठं झालं. रस्त्यावर मोठा कापडी फलक लावला होता, त्यावर खुर्चीत बसलेले, केंटे पांघरलेले, हसणारे मामा. तोच फोटो, त्याच जुन्या कॅमेऱ्यातला. सगळे म्हणत होते, काय सुंदर फोटो आहे! क्वाजोनं तीन दिवस नव्या कॅमेऱ्यानं सगळं टिपलं. भाचा म्हणून, पैशाचा प्रश्नच नव्हता. मी स्वयंपाकाला हातभार लावायला गेले होते.

सोमवारी कुळ बसलं. कार्य आटोपलं की मयताचं काय काय आहे ते मांडतात आणि वारस नेमतात. वारस ठरला दोम्फे, क्वाजोच्या मावशीचा मुलगा. टायरचं दुकान आहे त्याचं. घर, लाकडाची वखार, दोन ट्रक यांची नावं झाली. मग कुळातले थोरले साफो आजोबा म्हणाले, "आणि तो कॅमेरा? आताकोरानं क्वाजोला घेऊन दिलेला."

"तो मला दिला होता, आजोबा," क्वाजो उभा राहून म्हणाला.

"दिला? मग आभाराची बाटली कुणासमोर फुटली? मी नव्हतो. इथं कोण होतं?"

त्यांनी बसलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली.

"मामा म्हणाले बाटली नको, फोटो काढ. मी काढला. तोच हा." क्वाजोनं फलकाकडं हात केला.

"फोटोला साक्षीदार कोण?"

"मी काढला की!"

"म्हणजे तूच देणारा, तूच साक्षीदार. वा! कुळ बसवायची गरजच नाही आम्हाला." लोक हसले. "असू दे. कॅमेरा आण, दोम्फेच्या हवाली कर, मग तो तुलाच वापरायला देईल. घरातलं घरात."

"तो माझ्याकडं नाही. दुकानात दिला."

"कशाच्या बदल्यात?"

इथं खोटं बोलला असता तर चाललं असतं. देव क्षमा करो, मी मनात म्हणत होते, बोल, हरवला म्हण, चोरीला गेला म्हण. पण क्वाजोनं गळ्यातल्या कॅमेऱ्यावर हात ठेवला. सवयीनं ठेवला असेल. सगळ्यांनी पाहिलं.

"मग त्यात कुळ आहे," साफो आजोबा म्हणाले.

चुलीकडच्या बायकांतून अबेना पुढं झाली. मी तिचा हात धरला तो तिनं झटकला. "त्यात माझे मासे आहेत! माझा फ्रीझर आहे त्यात! तुमच्या जुन्याचा नुसता एक ठोकळा आला, तो खालचा! काढून घ्या तो!"

"बाई," आजोबा शांतपणे म्हणाले, "तुझे मासे तुझ्या नवऱ्यानं खाल्ले. त्याच्याशी घरी भांड. हे कुळ बसलंय, आणि तू कुळातली नाहीस."

"क्वाजो, बोल काहीतरी!"

 क्वाजोनं पट्टा डोक्यावरून काढला, कॅमेऱ्यातलं मामाच्या कार्याच्या फोटोंचं मेमरी कार्ड बाहेर काढलं, खिशात ठेवलं, आणि कॅमेरा दोम्फेच्या मांडीवर नेऊन ठेवला. दोम्फेनं तो उलटा धरून लेन्समधून बघितलं.

"असं काय करतोस भावा," दोम्फे म्हणाला. "शनिवारी लागला तर माग की. मी काय परका आहे?"

आमच्या पाळकांकडं अबेना गेली होती. त्यांनी प्रार्थना केली. चांगली केली, लांब केली, आणि शेवटी म्हणाले की पृथ्वीवरच्या वस्तूंत मन गुंतवू नये. पाळकांची गाडी बाहेर उभी होती, तिच्यावर धूळ नव्हती.

क्वाजोनं एकदाच दोम्फेकडं कॅमेरा मागितला. दोम्फे म्हणाला, या आठवड्यात मला लागतोय, नव्या दुकानाच्या उद्घाटनाला. पुढच्या वेळी त्यानं मागितला नाही. आता तो तेतेच्या दुकानात बसतो आणि दुसऱ्यांचे प्रिंट कापतो. दुपारी कधीकधी तेते म्हणतो, "सांगितलं होतं, लेन्स घे," आणि क्वाजो म्हणतो, "ती पण घेऊन गेले असते," आणि दोघं हसतात. रविवारी तो पुन्हा शेवटच्या बाकावर असतो. ओठ हलतात का ते मी वळून बघत नाही.

आज आम्ही फुफू कुटत होतो तेव्हा दोम्फेचा फोन आला. कॅमेरा चालू होत नाही म्हणे. क्वाजोनं दोनतीनदा समजावलं की बॅटरी संपली आहे, चार्ज करायला हवी. मग तो फोन कानाशी धरून पलीकडचं ऐकत होता. अबेना मुसळ मारायची थांबली नाही. उलट जोर वाढला, माझी बोटं कशीबशी वाचली.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतोय, चार्जरही कॅमेऱ्याबरोबरच यायला हवा होता. विसरलास का भावा, असं विचारत होता."

खोलीतल्या फळीवरून त्यानं चार्जर काढला, वायर नीट गुंडाळली, फडक्यात बांधली. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं तो मामपोंगला चार्जर पोचवायला जाणार आहे.