खरी आणून द्या, वन्सं

फाट्यावर पणजीची बस थांबली तेव्हा अण्णानं माझी बॅग स्वतः आत नेऊन ठेवली, रुमाल टाकून खिडकीची जागा धरली आणि कंडक्टरला कानडीत सांगितलं, ‘नम्म तंगी री.’ आमची धाकटी बहीण आहे, एवढंच. त्यात सगळं आलं असं त्याला वाटलं असणार. मग खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. बस हलेना तसा चिडला आणि ‘जा की आता एकदाची’ म्हणून ड्रायव्हरवर ओरडला. डोळे भरले होते गाढवाचे, ते मला दिसू नयेत म्हणून सगळा आरडाओरडा.

घरातून निघताना आप्पा आतल्या खोलीतून बाहेरच आले नव्हते. त्यांचं एकच पालुपद चालू होतं, ‘हॉटेलात काम म्हंजे लोकांची उष्टी काढायची. ह्यासाठी शिकवली व्हय हिला?’ आई तोंडाला पदर लावून बसलेली. अण्णानं एका वाक्यात विषय मिटवला. ‘जाऊ दे तिला. मी हाय न्हवं हितं.’ तो होता, म्हणून मी गेले. खानापूर तालुक्यातले आपण जेवढे बाहेर पडलो, कुणी गोव्याला, कुणी पुण्याला, कुणी दुबईला, त्या प्रत्येकाच्या मागं असा एकजण ‘मी हाय न्हवं’ म्हणून राहिलेला आहे. त्या राहिलेल्यांना आणि आपल्यासारख्या गेलेल्यांना, दोघांनाही हे लिहितेय. एकच विनंती आहे. गावात कुणी वाचलंत तर माझ्या वैनीला वाचून दाखवू नका. तिच्या कानावर हे जाता कामा नये.

आप्पांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मी आधी उष्टीच काढली, मग ग्लास धुतले, मग कधीतरी काउंटरच्या मागं उभी राहिले. आज समुद्राजवळच्या एका हॉटेलात मी बारटेंडर आहे. लोकांना पेयं बनवून देते, म्हणजे सरळ भाषेत दारू देते. गावात अजून ‘शैला रिसेप्शनला असत्या’ असंच सांगतात. सांगू देत बापडे. आमच्याकडे बाईमाणूसही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणते. मी आता ‘आले, गेले’ म्हणते, मधेच कोंकणी बोलते, सकाळी आणि रात्री अशी तुटक ब्रेक शिफ्ट करते आणि दुपारी चार वाजता जेवते. घर काय, घाट चढला की तीन तासांवर. पण सणाला जायचं तर सीझन, आणि सीझन नसला की पगार अर्धा, म्हणून तेव्हाही नाही. आई-आप्पा पाठोपाठ गेले तेव्हाही जवळ अण्णाच होता. मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं.

काउंटरवर एक प्रश्न रोजचा आहे. महागातली जिन कॉकटेलमध्ये घालण्यात काही अर्थ आहे का? जिन म्हणजे पाण्यासारखी दिसणारी दारू, जुनिपर नावाच्या फळांचा, धन्यांचा, संत्र्याच्या सालीचा वास दिलेली. चांगल्या जिनमध्ये हे वास एकेक करून नाकाला कळतात. नुसत्या बर्फावर घ्या, साध्या टॉनिक वॉटरमध्ये घ्या, पैसे वसूल. पण त्यात लिंबू पिळलं, मीठ घातलं, वरून सोडा ओतला, की आतली जिन राजवाड्यातली का गल्लीतली हे ओळखणारा माझ्या काउंटरवर अजून यायचाय. हे मी गेस्टला सांगत नाही. ‘फरक पडतो, सर,’ म्हणते आणि महागाची बाटली उचलते. बिल मोठं तर टीप मोठी. पोटासाठी एवढं खोटं बोलायला मला कधी लाज वाटली नाही.

अण्णाला मात्र खरं सांगितलं होतं. एका मे महिन्यात तो फणस आणि तांदळाची पिशवी घेऊन मला बघायला आला. दुपारची वेळ, बार रिकामा. मॅनेजर भला माणूस, म्हणाला, तुझ्या भावाला काहीतरी चांगलं पाज. निळ्या काचेच्या देखण्या बाटलीत तळाशी थोडी जिन उरली होती. मी दोन ग्लास केले, एकात ती, एकात आमची सगळ्यात स्वस्त. दोन्हीत लिंबू, मीठ, सोडा. ‘ओळख,’ म्हटलं. अण्णानं दोन्ही ग्लास लग्नाची मुलगी बघावी तसे न्याहाळले, घोट घोट घेतला आणि मोठ्या रुबाबात स्वस्तातल्यावर बोट ठेवलं. मी एवढी हसले की मॅनेजर बाहेर आला.

‘मग लोक एवढं पैसं कशाचं देतात गं, शैले?’

‘बाटलीचं देतात,’ मी म्हणाले.

त्याला ते फार पटलं. जाताना ती रिकामी निळी बाटली मागून घेतली. ‘वैनीला देतो. खोबरेल ठेवील त्यात.’ परतीच्या बसमध्ये ती फणसाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसला. त्या दिवशी तो किती आनंदात होता ते मला अजून दिसतं.

त्याला दारू कधी लागली हे कुणालाच सांगता येणार नाही. खानापूरला सॉ मिलवर कामाला जायचा. मिल बंद पडली, मग नुसती भाताची शेती आणि लांबच लांब संध्याकाळ. क्वाटर आणायची, तीही स्वस्तातली जिन, कारण ती पाण्यासारखी दिसते, तांब्यात ओतली तरी कुणाला कळत नाही. कळत नाही असं त्याला वाटायचं. पुढं डोळे पिवळे झाले, पाय सुजले. वैनी त्याला बेळगावला घेऊन गेली. डॉक्टरनं लिव्हरचं सांगितलं आणि बजावलं की पुन्हा थेंबही नको. अण्णानं सोडली, मग हात थरथरायला लागले, मग पुन्हा धरली.

आता वैनीविषयी. माझी वैनी म्हणजे कष्टाला वाघीण. तिनं माझ्या आईचं सगळं अंथरुणात केलं. बाई खुळी नाही. पण आपल्या भागात एक समज घट्ट बसलेला आहे, तो तुम्हीही ऐकला असेल, की लिव्हर जातं ते हलक्या दारूनं, चांगलीनं काही होत नाही. गल्लीगल्लीत त्याचा पुरावा काठी टेकत फिरतो. ‘मिल्ट्रीतलं म्हातारं बघा की वन्सं, कॅन्टीनची पितंय, नव्वदीला आलं तरी ताठ हाय. आनि आमचं हे क्वाटर पिऊन पिऊन झिजलं.’ फोनवर हे मी किती वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी सांगायचे, वैनी, दारू ती दारू, आतल्या विषाला किंमत कळत नाही. ती हूं म्हणायची. ‘हूं’ म्हणजे ‘तुमी गोव्याची माणसं, तुमास्नी काय कळतंय’.

मग गणपतीला मी घरी गेले. संध्याकाळी वैनीनं फडताळ उघडलं आणि तुपाच्या बरणीशेजारून ती निळी बाटली काढली. बाटली भरलेली. तिनं औषधाच्या टोपणानं मोजून पेल्यात घातली, लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ टाकलं, सोडा ओतला आणि देवाला दूध ठेवावं तसा पेला अण्णासमोर ठेवला. ‘डॉक्टर दारू सोडा म्हणत्यात, खरं एकदम सोडली की अंग थरथरतंय त्यांचं,’ ती मला म्हणाली. आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. ‘मग म्हणलं, द्यायची तर चांगलीच द्यावी. तुमी पाठवताय म्हणून बरं हाय की वो. वरीस झालं, माझ्या हातानंच देतोय.’ मी अण्णाकडं बघितलं. अण्णा पेल्याकडं बघत होता. मी आयुष्यात कधी एक थेंब पाठवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बांधावर त्याला गाठलं. लपवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. खानापुरातनं स्वस्तातल्या क्वाटरा आणायच्या आणि वैनी नसताना बाटलीत ओतायच्या. बाटली संपत आली की ‘शैलानं पाठवली’ म्हणायचं.

‘तिला झोप लागत्या गं त्या बाटलीमुळं,’ तो म्हणाला. ‘आदी रात रात माझ्याकडं बघत बसायची.’

‘अरे पण त्यानं तू मरशील.’

‘खरी असली तर मरनार न्हाय व्हय? तूच दावलंस न्हवं, लिंबूसोड्यात गेल्यावर समदं एकच.’ मग माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी. ‘वैनीला सांगू नगस.’

मी तोंड आवरणारी बाई नाही. निघायच्या आधी चुलीपुढं बसून वैनीला सगळं सांगितलं. बाटलीत काय आहे ते, आणि खरी असती तरी तेवढंच नुकसान झालं असतं, तेही. ती उठली, बाटली मोरीत रिकामी केली, राखेनं आतून-बाहेरून घासली, पुन्हा फडताळात ठेवली. मग माझ्याकडं वळली.

‘मग खरी आणून द्या, वन्सं.’

तिनं माझं अर्धंच ऐकलं होतं. मी डोकं फोडून घेतलं असतं तरी उरलेलं अर्धं तिच्या कानात शिरलं नसतं. मी म्हटलं, आणणार नाही, मी भावाला दारू आणून देणार नाही. ती म्हणाली, ‘परक्या लोकांस्नी रोज देताय. भावाला तेवढी जड झाली व्हय?’ मी पण चिडले, वाटेल ते बोलले, आणि बॅग उचलून फाट्यावर चालत गेले. त्यानंतर तिचा फोन आला नाही. चुलत भावाकडून कळायचं की अण्णा आता बाहेरच पितो, उघड्यावर, आणि फडताळात निळी बाटली धुऊन ठेवलेली आहे तशीच आहे.

भाताची सुगी चालू असताना अण्णा गेला. शेवटी पोट पाण्यानं फुगलं होतं, माणसं ओळखत नव्हता. मी या वेळीही उशिराच पोचले. बायका वैनीभोवती बसलेल्या. मला दारात बघून ती ओरडली नाही, रडलीही नाही. साध्या आवाजात म्हणाली, ‘आलासा? खरी आणली असतीसा तर मानूस दिसला असता.’ सगळ्या गल्लीनं ऐकलं. कुणी मला पाणी दिलं नाही. मी माझ्या हातानं घागरीतलं घेतलं.

बाराव्याला आमच्यात गेलेल्याच्या आवडीचं ताट मांडतात. भात, वडे, पान-तंबाखू, आणि पिणारा असेल तर तीही. मधल्या दिवसांत मी कामावर परतले होते, तेव्हा वैनीचा फोन आला. ‘आता तरी खरी घेऊन या.’ मी घेतली. माझ्या पगारातून, आमच्या बारमधली सगळ्यात चांगली. जिवंत भावाला नाही म्हणाले होते, आणि मेलेल्यासाठी घाट चढत होते. वर चेकपोस्टावर बस थांबली. ‘ब्यागन्याग येन ऐती री?’ बॅगेत काय आहे म्हणून गोव्याची दारू शोधणाऱ्या पोलिसानं विचारलं. मी सांगितलं, ‘सत्तोरिगे इडाक री.’ मेलेल्या माणसाला ठेवायला. त्यानं चेन उघडून बघितलं, बंद केली आणि मागच्या सीटकडं वळला.

स्वयंपाकघरात वैनीनं निळी बाटली पुढं केली. मी माझ्या बाटलीतली तिच्यात ओतली. तिनं नाकाशी धरली आणि बराच वेळ हुंगत राहिली.

‘हिला वास हाय,’ ती म्हणाली. ‘त्या दारूला न्हवता.’

‘व्हय, वैनी.’

‘म्हंजे हीच खरी.’

शेजारी पाटावर चिरलेलं लिंबू होतं, मीठ होतं, सोड्याची बाटली होती. अण्णाला दाखवलं तेच तिला दाखवायला मला एक मिनिट लागलं असतं. लिंबू पिळून पेला नाकाशी धर म्हटलं असतं की हिचा वासही गेला असता. मी लिंबू उचललंही. तेवढ्यात तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं. तो हात तिनं पदराला पुसला, मग पुन्हा पुसला.

‘वरीसभर ह्याच हातानं दिली की वो मी,’ ती म्हणाली. ‘वन्सं, खरं सांगा. ही असती तर वाचलं असतं न्हवं ते?’

पंधरा वर्षं काउंटरच्या मागं काढली. गेस्टला ‘फरक पडतो, सर’ म्हणताना कधी जीभ अडखळली नाही. त्या दिवशी अडखळली.

‘वाचला असता, वैनी,’ मी म्हणाले. ‘मीच आणायला पायजे होती.’

तेव्हा ती रडली. बारा दिवसांत पहिल्यांदा, अंग टाकून. मला शिव्या घातल्या, माझ्या गळ्यात पडली, पुन्हा शिव्या घातल्या. मी लिंबू, मीठ, सोडा घालून अण्णाच्या मापाचा पेला केला आणि ताटाशेजारी ठेवला.

आता दर वर्षी पितृपंधरवड्यात म्हाळाला तिचा निरोप येतो, ‘या, येताना तेवढी आणा.’ सीझन सुरू व्हायचा असतो, मॅनेजर कुरकुरतो, तरी मी जाते. गावातल्या बायका अजून माझ्याशी बेताबेतानंच बोलतात. तुम्ही बाहेर गेलेले भेटलात की विचारता, आई-बाप नाहीत, भाऊ नाही, आता कुणाकडं जातेस? तर त्या घरात मला एकच जागा उरली आहे, भावाला खरी न देणाऱ्या बहिणीची. ती मी सोडली तर तिथं वैनीला बसावं लागेल. म्हणून जाते.